शेवट माहीत असतो, मग वाचायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘भाचीने तीन इंग्रजी रोमान्स कादंबऱ्या दिल्या. एमिली हेन्रीची ‘बुक लव्हर्स’ वाचताना रात्री दोनपर्यंत जागले. दुसरी ऑफिसातल्या दोघांची होती, तिचं नावही आता आठवत नाही, अर्धी टाकली. तिसरी कॉलीन हूवरची ‘इट एंड्स विथ अस’. ती वाचून लेखिकेचा नाही, पण कुणाचा तरी राग आला. दोघं एकत्र येणार हे पहिल्या वीस पानांत कळतं, साचा एकच, मग परिणाम इतके वेगळे का? माझी पन्नाशी उलटली आहे, मराठी वाचन भरपूर आहे, इंग्रजी बेताचं. पुढे काय वाचू?’

साचा एकच आहे हे खरं. पण तिन्हींतला अडसर वेगवेगळ्या जातीचा आहे आणि तुम्ही जागलात, कंटाळलात किंवा चिडलात ते त्या अडसरामुळे.

मी ठाण्यात पुस्तकं भाड्याने देणारी छोटी लायब्ररी चालवते. मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकथांचे जुने गठ्ठे सुतळीने बांधून यायचे तेव्हापासून हा प्रकार वाचते आहे, कारण मेंबरला ‘हे कसं आहे हो?’ विचारल्यावर उत्तर देता आलं पाहिजे. पुढचं सगळं त्या काउंटरमागून दिसलेलं आहे, तेव्हा समीक्षक काय म्हणतात ते वेगळं.

आधी शेवटाबद्दल. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ ही लेखकांची संघटना १९८० साली निघाली. तिने या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या: प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. एरिक सीगलची ‘लव्ह स्टोरी’ जगभर रडत रडत वाचली गेली, पण या व्याख्येत ती बसत नाही, कारण नायिका जाते. म्हणजे शेवट आधी कळणं हा या प्रकारातला दोष धरता येत नाही, तो वाचकाशी केलेला करार आहे. आमच्याकडे कितीतरी मेंबर बायका पुस्तक नेण्याआधी काउंटरवरच शेवटचं पान उघडून बघतात. शेवट गोड आहे ना, याची खात्री झाली की मग निवांतपणे मधलं सोसायला तयार होतात. ‘मधलं सोसायला’ हे मी मुद्दाम म्हणते. रोमान्सची वाचक मऊ मनाची असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती मधल्या तीनशे पानांत नायक-नायिकेचे पुरेपूर हाल मागते.

आपल्याला हे पटायला थोडं जड जातं, कारण आपला वाचनसंस्कार उलटा आहे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि आपल्या आज्या-आयांनी ते उशाशी ठेवून वाचले. पुढे सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कॉलेजच्या पोरांनी पानं सुटेपर्यंत वाचली. जे प्रेम जमलं नाही ते थोर, आणि जमलं ते ‘गुलाबी’. ना. सी. फडक्यांना हा शिक्का आयुष्यभर पुरला. त्यांच्या कादंबऱ्या लोक रांगा लावून न्यायचे, आणि बैठकीत विषय निघाला की खांडेकरांचं नाव घ्यायचे! कादंबरीचं तंत्र हा फडक्यांच्या अभ्यासाचा विषय होता, ‘प्रतिभासाधन’ त्यांनी त्यावरच लिहिलं. आजची एखादी चांगली रोमान्स कादंबरी त्यांच्यापुढे ठेवली असती तर त्यांनी पहिल्यांदा गाठ कुठे मारली आहे ते पाहिलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आता त्या गाठीकडे येते. पामेला रेजिस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००३ साली रोमान्स कादंबरीचा इतिहास लिहिला आणि तिचे आठ आवश्यक घटक सांगितले. भेट, आकर्षण, कबुली वगैरे अपेक्षित आहेतच. पण त्यांतला कणा आहे तो अडसर. आणि आणखी एक घटक, ज्याला त्या विधीतल्या मृत्यूसारखा क्षण म्हणतात: आता हे दोघं कधीच एकत्र येणार नाहीत असं वाटायला लावणारी जागा. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायिकेची धाकटी बहीण पळून जाते आणि घराण्याची अब्रू जाते, ती ही जागा. तेव्हा अडसर बाहेर तयार मिळायचे. पैसा होता, प्रतिष्ठा होती, वारसाहक्काचे कायदे होते. लेखिकेला ते शोधत बसावं लागत नव्हतं.

जुन्या मिल्स अँड बूनमध्ये युक्ती वेगळी होती. कथा फक्त तिच्या नजरेतून यायची. तो श्रीमंत, वयाने मोठा, तुसडा. ती नर्स किंवा सेक्रेटरी. त्याच्या मनात काय आहे हे तिलाही कळत नसे आणि आपल्यालाही. अडसर म्हणजे त्याचं न बोलणं. शेवटच्या प्रकरणात तो बोलला की पुस्तक संपलं.

आजच्या कादंबऱ्यांत ही सोय बहुतेकदा उरलेली नाही. प्रकरणाच्या डोक्यावर नाव असतं, एक प्रकरण तिचं, पुढचं त्याचं, दोन्ही ‘मी’मध्ये. त्याच्या मनातलं आपल्याला दुसऱ्या प्रकरणातच कळतं. शिवाय न्यूयॉर्कमध्ये किंवा लंडनमध्ये दोन कमावती माणसं, दोघांची स्वतंत्र घरं, कुणाच्या बापाला विचारायचं नाही, लग्न केलंच पाहिजे असंही नाही. मग यांना साडेतीनशे पानं लांब ठेवणार कसं? आजच्या रोमान्स लेखिकेपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. प्रणयप्रसंग लिहिणं त्या मानाने सोपं.

इथे ते प्रसिद्ध ‘ट्रोप’, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरले जाणारे ठरीव प्रसंग, येतात. तुमची भाची पुस्तकांची नावं घेण्याआधी हे शब्द घेत असेल: एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम), फेक डेटिंग (जोडपं असल्याचं नाटक), वन बेड (दोघांत एकच पलंग), ग्रंपी-सनशाइन (एक तुसडा, एक हसतमुख). टिकटॉक आपल्याकडे जून २०२० मध्ये बंद झालं, पण तिथली ही वर्गवारी इन्स्टाग्रामच्या रील्समधून आलीच. मुली आता येऊन ‘फेक डेटिंगचं काही आहे का?’ असंच विचारतात, लेखिका कोण याने फारसा फरक पडत नाही. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण एक गोष्ट बारकाईने पाहा. हे ट्रोप बहुतेक सगळे दोघांना जवळ आणण्यासाठी असतात. हॉटेलात एकच खोली शिल्लक आहे, ऑफिसात समोरासमोर टेबल आहे, लोकांसमोर जोडपं असल्याचं नाटक करायचं आहे. हे झालं एकत्र बांधणारं. दूर ठेवणारं काय आहे? कमी ताकदीची लेखिका इथे फसते. बांधायची दोरी तिच्याकडे असते आणि तोच आपला अडसर अशी तिची समजूत असते. मग शंभर पानांत दोघं प्रेमात पडतात, पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि पुस्तकाच्या तीन चतुर्थांशापाशी एक भांडण आणून चिकटवलं जातं. याला वाचक मंडळी ‘थर्ड ॲक्ट ब्रेकअप’ म्हणतात आणि बऱ्याच जणी त्याला वैतागल्या आहेत. तुम्ही अर्धी टाकलेली कादंबरी न वाचताही मी पैज लावते की ती या जातीची असणार.

माझी कसोटी साधी आहे. दोघांमधली अडचण एका फोनने मिटली असती का? त्याच्या मोबाइलवर बहिणीचा मेसेज दिसला, हिला ती प्रेयसी वाटली, ही न विचारता विमानात बसली. असं असेल तर पुस्तक परत करा. मोबाइल खिशात असलेल्या जगात गैरसमज हा अडसर म्हणून फार लंगडा आहे.

उलट ‘बुक लव्हर्स’ पाहा. नोरा साहित्यिक एजंट आहे, चार्ली संपादक. दोघं एकमेकांना शोभतात हे त्यांनाही लवकर कळतं आणि ते बोलूनही दाखवतात. फोन करून काही उपयोग नाही, कारण गैरसमज नाहीच. अडचण ही की दोघांच्याही डोक्यावर घर आहे. आई गेल्यावर नोराने धाकट्या बहिणीला सांभाळलं आणि अजून ती जबाबदारी खाली ठेवू शकलेली नाही. चार्लीला आजारी वडिलांमुळे लहान गावात अडकावं लागलं आहे. घरासाठी स्वतःचं बाजूला ठेवायची सवय लागलेली दोन माणसं! तुम्ही दोनपर्यंत जागलात ते त्या अमेरिकन गावासाठी नसणार. थोरलेपण ही गोष्ट आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. खेड्यातल्या भोळ्या मुलीसाठी नायक जिला सोडून देतो ती शहरी, करडी, कामात बुडालेली बाई अशा गोष्टींत नेहमी खलनायिकेच्या आसपास असते. इथे तीच नायिका केली आहे.

असा आतला अडसर नीट उभा केलेली आणखी दोन नावं सांगते. हेलन होआंगची ‘द किस कोशंट’ (२०१८). नायिका स्टेला अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीवरून अर्थव्यवहार तपासण्याच्या शास्त्रात, काम करते, ऑटिस्टिक आहे, पैशाला कमी नाही. स्पर्श, जवळीक हे आपल्याला जमत नाही, म्हणजे आपल्यात दुरुस्त करण्यासारखं काहीतरी आहे असं तिने धरलं आहे, आणि ते शिकायला ती एका एस्कॉर्टला पैसे देऊन बोलावते. ऐकायला विषय भडक वाटतो, आहेही. पण अडसर म्हणजे तिचा स्वतःबद्दलचा समज, आणि तो एका फोनने जाणारा नाही. होआंग यांना स्वतःच्या ऑटिझमचं निदान मोठेपणी झालं, ते पानोपानी जाणवतं. दुसरी टालिया हिबर्टची ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (२०१९), इंग्लंडमधली. क्लोईला फायब्रोमायाल्जिया आहे, सतत अंग दुखतं, आणि आजारपणात माणसं एकेक करून गेलेली आहेत. नायक तिच्यासाठी खुर्ची पुढे करतो त्या साध्या वाक्यात जितकं प्रेम आहे तितकं इतर पुस्तकांतल्या गुलाबांच्या ताटव्यात नसतं. संधिवाताने बेजार असलेल्या आमच्या एका मेंबर काकूंनी ती दोनदा नेली.

अॅली हेझलवूडच्या ‘द लव्ह हायपॉथेसिस’बद्दल (२०२१) माझं मत जरा वाकडं आहे. ती मुळात ‘स्टार वॉर्स’ या सिनेमांच्या पात्रांवर रचलेली फॅन फिक्शन, म्हणजे चाहतीने हौसेने लिहिलेली गोष्ट, होती, नंतर नावं-गावं बदलून कादंबरी झाली. लेखिका स्वतः संशोधनक्षेत्रातली, त्यामुळे पीएचडीच्या मुलांची दमछाक खरी उतरली आहे. खोट्या डेटिंगचा सगळा खेळ मला ओढूनताणून वाटतो. पण पुढे एका परिषदेत एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ नायिकेशी गैर वागतो, वर तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार असं ऐकवतो, आणि ती ते नायकापासून लपवते. मुली त्या पुस्तकावर खूश असतात त्या खोट्या डेटिंगसाठी. माझ्या मते त्यातला खरा अडसर ही भीती आहे, आणि लेखिकेने तिला आणखी पानं द्यायला हवी होती.

आता तुमच्या रागाबद्दल. ज्यांनी ‘इट एंड्स विथ अस’ वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ही कादंबरी २०१६ ची, पण तिची खरी लाट पुढे समाजमाध्यमांमुळे आली आणि २०२४ मध्ये सिनेमाही झाला. बॉस्टनमध्ये फुलांचं दुकान काढणारी लिली, देखणा न्यूरोसर्जन, आणि मग त्याचा हात उठतो. हूवर यांनी ही गोष्ट आपल्या आईच्या आयुष्यावरून लिहिली आहे, आणि लिलीचा शेवटचा निर्णय धीराचा आहे. बिघाड पुस्तकात नाही, ते ज्या मांडणीत ठेवलं जातं त्यात आहे. दुकानात ते प्रेमकथांच्या टेबलावर, गुलाबी-फुलांच्या मुखपृष्ठासह. म्हणून वाचक पहिल्या अर्ध्या भागात त्या डॉक्टरला नायक धरून चालते, अडसर ओलांडला जाईल अशी वाट पाहते, आणि हा अडसर ओलांडायचा नसतो, त्याच्या अलीकडेच थांबायचं असतं. मी ती प्रत रोमान्सच्या कपाटातून काढून सामाजिक कादंबऱ्यांत ठेवली. तिथून ती कमी जाते, पण नेणारी तक्रार करत नाही.

भारतातल्या इंग्रजी रोमान्सचं गणित मात्र नेमकं उलटं आहे. मिल्स अँड बूनने २००८ मध्ये इथे अधिकृतपणे बस्तान बसवलं आणि मग भारतीय लेखिकाही लिहू लागल्या. आपल्याकडे बाहेरचा अडसर आजही जागच्या जागी आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा, पण नोंदणी करायची तर तीस दिवस आधी नोटीस लागते, आणि त्या तीस दिवसांत दोन्हीकडचे नातेवाईक काय काय करू शकतात हे सांगायला नको. लेखिकेला अडसर फुकट मिळतो. अवघड होतो तो शेवट. चारशे पानं विरोध करणारे वडील शेवटच्या वीस पानांत विरघळतात, आणि आमच्या मेंबर मुली हसतात. ‘काकू, माझे बाबा नाही हो असे,’ हे मी ऐकलेलं आहे. मी वाचलेल्यांत जातीचं नाव तर क्वचितच येतं. ‘आपल्यातले नाहीत’ इतक्यावर भागवतात.

मुंबईत वाढलेल्या आणि अमेरिकेत लिहिणाऱ्या सोनाली देव यांनी ‘अ बॉलिवूड अफेअर’मध्ये (२०१४) यातून बरी वाट काढली आहे. राजस्थानातली मिली, चार वर्षांची असताना लग्न लावून दिलेली, आता मिशिगनमध्ये शिकते आहे आणि न पाहिलेल्या नवऱ्याची वाट बघते आहे. त्या नवऱ्याचा भाऊ, सिनेमा दिग्दर्शक, ते लग्न मोडायच्या कागदांवर तिची सही घ्यायला येतो आणि आपण कोण ते सांगत नाही. इथे बाहेरचा अडसर बालविवाहाचा, आणि आतला असा की ज्या नात्यावर तिने आपली सगळी ओळख उभी केली ते नातंच पोकळ आहे. कथा काही ठिकाणी हिंदी सिनेमासारखी सुटते. पण मिली अशी खाते, रडते, सायकलवरून पडते की माफ करावंसं वाटतं.

मराठीत आज हा प्रकार छापील पुस्तकांपेक्षा प्रतिलिपीसारख्या ॲपवर जास्त सापडतो. शेकडो भागांच्या मालिका, करारापुरतं लग्न, रागीट उद्योगपती, कटकारस्थानी सासू. रोज एक भाग द्यायचा म्हणजे रोज नवा अडसर, त्यामुळे कुठलाच अडसर मुरत नाही. एखाद्या लेखिकेचे संवाद फार चांगले असतात, एवढ्यासाठी मी अधूनमधून वाचते. लांबी वाढवायचा मोह इंग्रजीतही आहेच: किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीवरच्या ई-पुस्तक योजनेत लेखकाला वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात.

प्रणयप्रसंगांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं, कारण पुस्तकं भाचीकडून येताहेत. मुखपृष्ठांवर हल्ली फोटो नसतात, रंगीत चित्रं असतात, शाळकरी मुलींच्या पुस्तकांसारखी. आत काय आहे याचा त्यावरून काही पत्ता लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीसाठी आई चित्र बघून पुस्तक उचलते तेव्हा मी हळूच बदलून देते. मोठ्यांनी काय वाचावं यात मी पडत नाही. आपल्याकडे ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचं सांगितलं. त्या कथेच्या मानाने आजची साधी रोमान्स कादंबरीही चारपट मोकळी असते. होआंग आणि हिबर्ट सविस्तर लिहितात, हेन्री बेताचं. नको वाटलं तर ती पानं उलटावीत. पण एकदा तपासून पाहा: ती पानं गाळूनही गोष्ट जशीच्या तशी समजत असेल तर लेखिकेने ती भरतीची घातली आहेत. चांगल्या पुस्तकात त्या प्रसंगानंतर दोघांमधलं काहीतरी बदललेलं असतं.

तुमच्यासाठी क्रम असा लावते. आधी सॅली थॉर्नची ‘द हेटिंग गेम’ (२०१६). प्रकाशनसंस्थेत समोरासमोर बसणारे दोन सहायक, बढती एकच. निवेदन एकटीचं, वाक्यं छोटी, इंग्रजी अडणार नाही. आणि ऑफिसातली गोष्ट असूनही तुमच्या त्या अर्धवट टाकलेल्या पुस्तकापेक्षा वेगळी का वाटते ते आपोआप दिसेल, कारण बढती मिळाली की एक जण दुसऱ्याचा साहेब होणार, ही अडचण खरीखुरी आहे. मग क्लोई ब्राउन, मग सोनाली देव. ‘किस कोशंट’ चौथी, सवय झाल्यावर. हेन्रीची दुसरी कुठलीही मधे घेतलीत तरी चालेल, फक्त तिच्या थट्टामस्करीत अमेरिकन सिनेमा-मालिकांचे संदर्भ फार असतात. ते कळले नाहीत तर अडून बसू नका, मीही बसत नाही.

आणि विकत घेणार असाल तर सिग्नलवरची स्वस्त प्रत घेऊ नका. ती चोरून छापलेली असते, अक्षर पुसट असतं, आणि कधी कधी शेवटच्या पानांचा फॉर्माच नसतो. रहस्यकथेत तेवढं मी समजून घेतलं असतं, खुनी कोण ते कुणालाही विचारता येतं.